बंबाची नवी जाळी

आकारामतात्यांकडं शेवटी अंघोळीला कुणीही आलं नाही. पण हे अजून ठाऊकच नाही असं धरून आपण पहिल्यापासून सांगू.

तात्यांच्या घरामागच्या परड्यात पाणी तापवायचा तांब्याचा बंब होता. मधल्या नळकांड्यात जाळ, भोवती पाणी. जाळाखालच्या जाळीचं पार बोळकं झालं होतं. अर्धे निखारे पुरते जळायच्या आधीच खाली पडायचे अन् बंब विझायचा. बायडाबाई फुंकणी आपटून नवऱ्याला म्हणायच्या, "शिरोलीच्या फौंड्रीत जलम घालवलासा, अन् घरच्या बंबाला जाळी मिळंना व्हय?"

"आणतो की."

आणतो-आणतो म्हणत तात्या रिटायर झाले. गेल्या वर्षी बायडाबाई गेल्या, तेव्हाही जाळी यायचीच होती.

यंदा थंडीत ते आपल्या जुन्या फौंड्रीत गेले. ओतकाम संपल्यावर उरलेल्या बिडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या, रसातून कुणाच्या तरी घरची वस्तू ओतायची तिथली रीत. तिथल्या ज्ञानू ओताऱ्यानं जाळी ओतून दिली. "तात्या, नातवाच्या नातवाला पुरंल बघा!"

तात्यांना मूलच नव्हतं. पण हे जाळीला कोण सांगणार?

जाळी नको तितकी चांगली निघाली. एक निखारा खाली पडेल तर शपथ. चार ढलप्यांत पाणी गुऱ्हाळातल्या काहिलीसारखं रटरटायचं. बंब अर्धा भरून पेटवला तर सांध्यांचा डाग सुटून तो गळतो, म्हणून भरायचा काठोकाठ, आणि अंघोळीला माणूस एक. उरलेलं कढत पाणी मोरीत ओतायला तात्यांचा हात धजेना.

अंघोळीला या म्हणून त्यांनी शेजारी सांगितलं, तर संयोगिता म्हणाली, "आमच्यात सोलर हाय की, तात्या."

मग त्यांनी गॅसवाल्याला धरलं. "पावणं, सिलिंडर ठेवा अन् अंघोळ करून जावा."

"सकाळीच केलीया, काका."

"मग? माणूस दिवसातनं एकदाच जेवतोय व्हय?"

तो सही न घेताच पळाला.

पाटावर टॉवेल, नवा साबण. जाळ आपला धगधगतोय. पूर्वी तो विझायचा, मग परत पेटवताना दोघांचं भांडण जुंपायचं आणि त्यात सकाळ सरायची. आता विझतच नव्हता.

तात्यांनी चष्मा लावला आणि वॉर्ड ऑफिसला अर्ज लिहिला:

"...सदर बंबास नवीन जाळी बसविल्याने रोज गरम पाणी शिल्लक राहते. तरी सदर ठिकाणी अंघोळीसाठी एक इसम, शक्यतो भांडखोर, कायमस्वरूपी नेमण्याचे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती. टॉवेलची सोय अर्जदार करील."