नकाशावरचं पोकळ टिंब

आमच्या सासऱ्यांनी हयातभर घरोघरी पत्रं वाटली आणि निवृत्त झाल्यावर ते पतंगांच्या मागे लागले. दिव्यावर झडप घालतात ते पतंग. रोज सकाळी चहाच्या आधी भिंग घेऊन बाहेरच्या दिव्याखालची भिंत तपासायची. ती भिंत पुसायची मला सक्त मनाई, अगदी कोळिष्टकांसकट. येणारेजाणारे आळशी म्हणणार मला, यांचं काय जातंय?

एका सकाळी त्यांना नखाएवढा फिकट पतंग सापडला, पंखांवर दोन काळे ठिपके. पुस्तकात तो मिळाला. त्याच्या अळ्या दगडफूल खातात, दगडाकौलांना चिकटून वाढतं ते करडं-हिरवट. पण तिथल्या नकाशात तो सापडल्याची सगळी टिंबं डोंगरापलीकडे, माझ्या माहेराकडे. आमच्या बाजूला एकही नाही. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत इकडचं पहिलं टिंब आपलं, म्हणून म्हातारबुवा हरखून गेले. खात्री करायला ते पुस्तक काढणाऱ्या संग्रहालयातल्या बाई येणार होत्या, तर यांनी दाढी दोनदा केली.

मला मात्र वेगळीच शंका आली. दोन वर्षांपूर्वी माहेरचं छप्पर बदललं, तेव्हा जुनी कौलं मी हट्टाने टेंपोत घालून आणली होती, वाफ्यांना कड करायला. त्यांच्यावर दगडफूल होतं. उकिडवं बसून पाहिलं, तर बारीक केसाळ अळ्या निवांत चरत होत्या. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? पण खोट्या टिंबावर त्यांना मिरवताना बघणं मला जमलं नसतं. बाई यायच्या आधी सांगून टाकलं. ते भिंग खिशात घालून आत निघून गेले. मला रडूच आलं.

बाईंनी पतंग निरखला. असाच दिसणारा दुसरा एक असतो म्हणे, पण त्याला ठिपके तीन. हा दोन ठिपक्यांचाच निघाला. त्यांनी वही उघडली, तसं सासऱ्यांनी स्वतःच कौलांचं सांगितलं. बाईंनी जाऊन अळ्या पाहिल्या. दोन वर्षं तगलाय म्हणजे रुळला, म्हणाल्या, पण भरीव टिंब नाही मिळणार. माणसांबरोबर येऊन रुळलेल्यांना पोकळ टिंब असतं.

सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे हिच्यासारखंच. आली तिकडून, आता इथली," ते म्हणाले. "टिंबाखाली नाव हिचं घाला."

हल्ली ती भिंत मीच कुणाला पुसू देत नाही.