माझा रंग नक्की कोणता?

मी एक जुना चौकोन आहे. मित्रांनो, तुमच्या गणिताच्या वहीतला नव्हे. चपला-बूट विकणाऱ्या एका कंपनीत दर महिन्याला संगणकावर अहवाल तयार होतो, त्यातला. पुलाजवळच्या दुकानात महिनाभरात किती विक्री झाली, तो आकडा माझ्या पोटात असतो.

मला घडवलं हिशेब पाहणाऱ्या ताईंनी. त्यांनी मला साधी शिकवण दिली. विक्री ठरल्यापेक्षा जास्त झाली की हिरवं व्हायचं, कमी झाली की लाल. ते दिवस फार सुखाचे होते. मी बहुतेक हिरवाच असे आणि बैठकीत साहेब माझ्याकडे बघून मान डोलवत.

मग गोदामप्रमुखांनी आपला एक नियम घातला. दुकानातला माल संपत आला की लाल व्हायचं, म्हणजे नवा माल लगेच धाडता येईल. आमच्यात नवा नियम यादीत सगळ्यात वर बसतो, आणि दोन नियमांचं पटलं नाही तर वरच्याचं चालतं. पुढे गोदामप्रमुख नोकरी सोडून गेले. त्यांचा नियम मात्र राहिला, कारण काही बिघडलं तर आपल्या अंगाशी येईल म्हणून जुन्या नियमाला कोणी हात लावत नसे.

पुलाजवळच्या दुकानात माल टिकतच नव्हता. आला की विकला जाई. त्यामुळे पोटात चांगला घसघशीत आकडा आणि अंगावर लाल रंग, अशी माझी गत झाली. मी शहाणा की नापास? मला काही उमगेना.

लाल म्हणजे विक्री कमी, असं समजून साहेब तिकडे हात राखून माल पाठवू लागले. आलेला थोडा मालही हातोहात खपून आकडा ठरल्यापेक्षा वरच राही, पण मी मात्र लालच राहिलो. शेवटी ते बैठकीत म्हणाले, "हे दुकान बंद करून टाकू."

"साहेब, आकडा बघितलात का?" ताईंनी विचारलं.

"आकडेच वाचायचे तर रंग कशाला लावलेत?"

दुकान चालवणाऱ्या काकूंचा ताईंना फोन आला. "अगं, गिऱ्हाईक दारातून परत जातंय. कपाटं रिकामी पडलीत. माल मागितला की म्हणतात, तुमचं दुकान लाल आहे. आता आम्ही सगळ्या जणींनी घरी बसायचं का?"

ताईंनी नियमांची यादी उघडली. बराच वेळ त्याही डोकं खाजवत बसल्या. मग त्यांनी गोदामाचा नियम माझ्यावरून काढला, शिल्लक मालाच्या रकान्याला लावला, आणि मी हिरवा झालो.

दुसऱ्या दिवशी साहेब अहवाल बघून खूश झाले. "बघा, बंद करतो म्हटल्यावर कसं सुधारलं. राहू दे चालू. मालही पाठवा."

माझ्या पोटातला आकडा कालचाच होता, मित्रांनो. सुटल्यासारखं वाटलं, पण हसावं की रडावं तेही कळेना.

तेवढ्यात साहेब माझ्या खालच्या लाल चौकोनाकडे वळले. तो कशामुळे लाल आहे, मला ठाऊक नाही. त्यालाही नाही. तिथेही कोणाच्या तरी काकू दुकान उघडून बसल्या असतील. तुम्ही मोठे होऊन असे अहवाल बघाल, तेव्हा रंगाआधी चौकोनातला आकडा वाचा.