परतीची दहा मिनिटं

सिंकमधल्या भांड्यांच्या ढिगावरून चमचा घसरला आणि ठण्णकन वाजला. लॅपटॉपपुढे बसलेल्या आईने श्वास रोखला. पलंगावर चार वर्षांची ठकी कुशीवर वळली, ओठ चाटले आणि पुन्हा झोपली. सुटले बाई.

दुपारचे तीन वाजत होते. ठकीची झोप मोजून तासाभराची, तेवढ्यातच काम उरकायचं होतं. बाळंतपणानंतर चार वर्षांनी ती कामावर परतली होती. घरून काम करायला सरांनी हो म्हटलं, पण महिनाभराच्या बोलीवर, आणि आज शेवटचा दिवस. "आजचं एकटीने निभावलंस तर पुढेही घरूनच कर. काही घोळ झाला तर सोमवारपासून ऑफिस," असं त्यांनी सकाळीच सांगून टाकलं होतं.

काम एका इस्पितळाचं होतं. तिथला म्हातारा सर्व्हर आज कायमचा बंद झाला होता. पण लॅबमधल्या चाळीसेक कॉम्प्युटरांना त्याचाच आयपी पत्ता पाठ, आणि सगळ्यांना नवा पढवायला दोन आठवडे गेले असते. म्हणून नव्या सर्व्हरच्या एकुलत्या एक नेटवर्क कार्डावर त्याचा स्वतःचा पत्ता तसाच ठेवून म्हाताऱ्याचाही चढवायचा होता. एकाच दाराला दोन घरनंबर. टपाल कुठल्याही नंबरावर येवो, घेणारा एकच.

सरांचा एक दंडक होता: दुरून नेटवर्कला हात लावायचा तर आधी परतीची वाट बांधायची. म्हणजे सर्व्हरलाच बजावून ठेवायचं, 'दहा मिनिटांत मी थांब म्हटलं नाही, तर आधीची सेटिंग परत लाव.' एखादा आकडा चुकून आपणच बाहेर अडकलो, तर दार आपोआप उघडावं म्हणून.

तिने तसं बजावलं. जुन्या पत्त्यावर हाक मारून पाहिली. कुणी ओ दिली नाही, म्हणजे जागा मोकळी होती. मग तो पत्ता जोडला. पहिल्याच्या जागी नव्हे, पहिल्याच्या जोडीला. नवशिके इथेच तोंडावर आपटतात. आता दोन्ही पत्त्यांवर सर्व्हर बोलू लागला. लॅबवाल्याचा फोन आला, "ताई, आले हो रिपोर्ट! जादूच केलीत."

ती हसली, तेवढ्यात ठकीने भोकाड पसरलं. "आई गं, पाय! मुंग्या चावतायत!"

ती धावली. पाय चोळला, तळव्यावर फुंकर घातली, "पळा गं मुंग्यांनो, आमची ठकी कडू आहे," असं म्हणत तिला हसवलं. सर्व्हरला थांब म्हणायचं राहूनच गेलं.

पुन्हा फोन वाजला. "ताई, सगळं गायब! जादू संपली काय?"

ती लॅपटॉपकडे धावली. स्क्रीनवर एकच पत्ता उरला होता. सर्व्हर बिचारा सांगितल्या शब्दाला जागला होता. तिने परतीची वाट पुन्हा बांधून पत्ता जोडला, दोन्हींवरून ओ येताच आधी थांब म्हटलं, मग सेटिंग कायमची केली. लॅब सात मिनिटं आंधळी होती.

सरांचा फोन यायचाच होता. ठकी मांडीत होती. "मध्येच काय झालं गं? तुझ्याकडची लाइन गेली का?"

नुसतं हो म्हटलं असतं तरी खपलं असतं.

"नाही सर. दहा मिनिटांच्या आत थांब म्हणायला विसरले. मुलगी रडत उठली, तिच्याकडे गेले."

"खरं सांगितलंस, बरं केलंस. कामात तुझ्या खोट नाही. पण तिकडे रक्त देऊन माणसं ताटकळत बसलेली असतात, बाई. बोली ती बोली. सोमवारी नऊला ये."

"येते, सर."

तिने फोन उपडा ठेवला. ठकीने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"सोमवारी कुठे जाणार?"

"ऑफिसला. तुझ्याजवळ आजी येईल हं."

ठकीने फ्रॉकची कड चिमटीत धरली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "मी उठले म्हणून?"