साबियाचे चीज स्ट्रॉ

चऱ्होलीच्या आमच्या सोसायटीत माझी खरी मैत्रीण एकच होती, समोरच्या फ्लॅटमध्ये भाड्याने राहणारी साबिया. तिच्या नवऱ्याचं, अजीजभाईंचं, चाकण रोडला गॅरेज होतं.

माझा नवरा ज्ञानेश कमिटीवर निवडून आला आणि पहिलीच मीटिंग त्याने आमच्या घरी ठेवली. "वेफर्स नकोत, काहीतरी घरचं कर," म्हणाला. मी साबियाला हाक मारली.

दुपारी ती चीज स्ट्रॉ करायला आली. थंड लोणी मैद्यात बोटांच्या टोकांनी चोळलं, वर किसलेलं चीज, ओवा, लाल तिखट टाकलं. "मळू नकोस, नुसतं गोळा कर. मळलं की चिवट होतं," तिने मला बजावलं. लाटून पट्ट्या कापल्या, प्रत्येकीला पीळ दिला. दोन वर्षं मी ज्यात कढया कोंबत होते तो ओव्हन त्या दिवशी पहिल्यांदा तापला.

माणसं थोडी लवकरच आली. दुसरा ट्रे आत होता, म्हणून साबिया स्वयंपाकघरात थांबली. मी बाहेर प्लेट फिरवली.

"बेकरीतलं वाटत नाही, वहिनी," चेअरमन रंगराव म्हणाले.

"घरीच केलंय," मी म्हणाले. कुणी केलं, ते सांगितलं नाही.

पार्किंगवरून विषय भाडेकरूंवर आला. आणखी एक स्ट्रॉ उचलत रंगराव म्हणाले, "यापुढे फ्लॅट देताना आपली माणसं बघूनच द्यायचे. तुमच्या समोरचं ॲग्रीमेंट पण संपत आलंय ना? मालकाशी मी बोलतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. ज्ञानेशनेही. मी प्लेट पुढच्या माणसासमोर धरली.

आमच्या स्वयंपाकघराला दार नाही. आत गेले तर साबिया ट्रे काढत होती.

"कडेचे जरा लाल झालेत," ती म्हणाली. "मधलेच दे." मग हात धुऊन ओढणी सारखी केली आणि निघाली. बाहेर जायचं तर हॉलमधूनच जावं लागणार होतं.

"साबिया, थोडं थांबतेस? ते गेले की जा."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि स्टुलावर बसली. पाऊण तास बसून होती. बाहेर हसणं चाललं होतं. मी दोनदा आत येऊन प्लेट भरून नेली.

सगळे गेल्यावर दारात चपला घालताना ती म्हणाली, "मला वाटलं, तू बाहेर जाऊन काहीतरी बोलशील. म्हणून मी गप्प बसले."

दीड महिन्यात त्यांनी निगडीला जागा बघितली. सामान बांधायला मदत करायला गेले, तर दारात अजीजभाई उभे होते. "राहू द्या ताई. झालंय सगळं." आतून साबियाचा आवाज येत होता. ती बाहेर आली नाही.

टेम्पो भरत होता तेव्हा मी बाल्कनीत होते. लिफ्ट चालू होती. मी खाली गेले नाही.