रानातलं रानात

वहिनी गुडघाभर चिखलात उभी राहून पाणकणसांचं उंच गवत मुळासकट उपटत होती आणि तिचा दीर कोरड्या बांधावरून तिला शहाणपण शिकवत होता. मी शेजारचा, माझं रान बांधाच्या अलीकडे. त्यामुळे हे भांडण तीन वर्षं माझ्या कानावर होतंच.

भांडण त्या खालच्या तुकड्याचं. ओढ्यावरच्या रंगाच्या कारखान्यानं वर्षानुवर्षं त्यात घाण पाणी सोडलं. पुढे कारखाना बंद पडला, मालक पसार झाला, विष मात्र मुक्कामाला राहिलं. पेरलेलं उगवायचं, पण तोंडात घालायची सोय नव्हती. दीर म्हणायचा, माती वीटभट्टीला देऊन टाकू, खड्डा पडला तर पडू दे. वहिनीला ते सोसवेना. लग्न होऊन आल्यावर पहिली पेरणी तिनं याच तुकड्यात केली होती.

माती तपासणाऱ्या बाईंनी तिला वाट दाखवली. पाणी तुंबवा, पाणकणसं लावा, ती मातीतलं विष स्वतःत ओढून घेतात. दरवर्षी मुळासकट काढून आमच्या गाडीत भरून द्या, पुढची विल्हेवाट आम्ही लावू. मग घरात ठरलं, तीन वर्षं वहिनीची. तोवर विष उतरलं नाही, तर तुकडा वीटभट्टीचा.

"वहिनी, गवतानं जमीन धुतल्याचं कुणी ऐकलंय का?"

"तुम्ही ऐकलं नाही तेच बरं, भाऊजी. तुम्ही लावलं असतं तर उगवलंच नसतं."

सासरे कुणाच्याच बाजूनं नव्हते. म्हाताऱ्याचा धर्म एकच, काही वाया जाता कामा नये. तुटलेल्या दोरीचे तुकडेही ते गाठी मारून ठेवत.

तिसऱ्या वर्षी बाईंनी पाच जागची माती पिशव्यांत भरून नेली आणि पंधरवड्यानं कागद घेऊन आल्या. चार जागी विष निम्म्याच्याही खाली गेलं होतं. विहिरीजवळच्या कोपऱ्यात मात्र ते पहिल्यापेक्षा पाचपट निघालं. दिराला आनंद लपवता येईना. बाई कागद उलटसुलट करून बघत राहिल्या. वहिनी मटकन बांधावर बसली. तीन वर्षांत तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा पाहिलं.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. म्हातारा उगाचच खोकायला लागला.

"सूनबाई, तिथं मी पुरलंय."

"काय पुरलंय, मामंजी?"

"तुझी कणसं. मागल्या साली गाडी दोन दिवस उशिरा आली, तू माहेरी गेलेली. एवढा हिरवागार ढीग बघून जीव राहीना. निम्मा खड्ड्यात दाबला, वर शेण टाकलं. रानातलं रानात जिरलं पायजे, असं माझा बाप सांगून गेला. त्यानं काय विषाचं सांगितलं नव्हतं."

दीर लगेच म्हणाला, झालं, आता बोलवा वीटभट्टीवाल्याला. तेव्हा बाईंना हसू आवरेना. त्यांनी दिराला शांतपणे विचारलं, की ओढा तर त्या टोकाला, मग विहिरीच्या कोपऱ्यात एवढं विष चालत आलं का? ते कणसांनी सगळ्या तुकड्यातून उपसलं आणि आजोबांनी एका जागी गोळा केलं. कणसं विष ओढतात याचा इतका सज्जड पुरावा त्यांना आजवर कुणी दिला नव्हता. खड्डा उपसून दिलात, तर बाकीच्या तुकड्यात पुढच्या हंगामात खायचं पीक घ्यायला हरकत नाही, असंही त्या म्हणाल्या.

वहिनीनं पदरानं डोळे पुसले. "भाऊजी, धुतलं का गवतानं?"

दिरानं कागद मागून घेतला, पुन्हा वाचला आणि घडी घालून तिच्या हातात दिला. मग बैलांना पाणी दाखवायचं राहिलंय म्हणून निघून गेला.

म्हातारा तोवर घरातून फावडं घेऊन आला होता. मी खड्डा केला, मीच उपसणार, कुणी हात लावायचा नाही, म्हणाला. धोतर खोचून खड्ड्याशी उभा राहिला, पण फावडं काही चालेना. खाली काळंभोर, भुसभुशीत खत दिसत होतं. असं खत गावात कुणाकडे नव्हतं.

"सूनबाई, हे सगळंच देऊन टाकायचं?"

"सगळंच, मामंजी."

"मूठभरसुद्धा ठेवायचं नाही?"

"नाही."

म्हाताऱ्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मी माझ्या रानाकडे नजर वळवली. मग त्यानं मोठा सुस्कारा सोडला आणि फावडं घातलं.