कंसातला च

माझा मामा कंसमामा आहे. दुष्ट नाही बिचारा. समुद्र वाचवण्यासाठी देशोदेशीचे लोक जमतात, त्या परिषदेत तो मसुदा टाइप करतो. ज्या शब्दावर एकमत नाही तो कंसात टाकायचा, एकमत झालं की कंस काढायचा. नाव मीच ठेवलंय.

यंदाचं भांडण एका अक्षराचं होतं. 'जहाजांनी समुद्रात सुटलेली आपली जाळी काढावीत[च].' च असला तर बंधन, नसला तर नुसता सल्ला. आणि सल्ला कोण ऐकतं? मी तरी नाही ऐकत.

शेवटच्या दिवशी मामाच्या मागच्या खुर्चीत मी. अट एकच, तोंड उघडायचं नाही. समोर एका बेटदेशाच्या प्रतिनिधी, बेटवाल्या बाई. त्यांच्या किनाऱ्यावर तीच जाळी वाहत येतात, कासवं अडकून मरतात. त्यांना च हवाच होता. सारखी पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या. पाचला दुभाषे उठणार, म्हणजे बैठक संपणार, आणि पाचला दहाच कमी. माझा पाय हलायचा थांबेना.

अखेर च नको म्हणून अडून बसलेल्या देशानं मान डोलावली. अध्यक्ष म्हणाले, "कंस काढा."

मामानं काढला. कंसाबरोबर चही गेला.

पडद्यावर 'काढावीत' एवढंच. कुणाचं लक्ष नाही, सगळे बॅगा आवरतायत. अध्यक्षांचा हातोडा वर गेला.

मी मामाच्या पाठीत पेन खुपसलं. "मामा, च."

"चहा नंतर."

"चहा नाही, च. उडवलास तू."

त्यानं पडदा पाहिला. कान लालबुंद. अठरा वर्षांत एक चूक नाही म्हणून मिरवणारा माणूस तो. तरी उभा राहिला. "अध्यक्ष महाशय, थांबा. माझ्या हातून एक अक्षर गेलंय."

"गेलंय तर जाऊ द्या," अडून बसलेला देश म्हणाला. पर्सची चेन अर्ध्यावर थांबली.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं, मग पडदा. "मी कंस काढा म्हणालो होतो. अक्षर नाही."

च परत आला. हातोडा पडला.

बाहेर बेटवाल्या बाईंनी माझा गाल ओढला. मामा म्हणाला, "कंसाला भाचरंच भारी पडायची."

"पण जाळी काढली का, हे बघणार कोण?"

"त्याचा करार पुढच्या वर्षी."

"त्यात कंस किती?"

"अजून अख्खं पानच कंसात आहे."

माझा पाय पुन्हा हलायला लागला.