विमानात फोन लागत नाही

सुयोग परबने घरी एक थाप मारून ठेवली होती: विमानात फोन लागत नाही. पूर्वी ती थाप नव्हती, तेव्हा खरंच लागत नसे. आता विमानात वायफाय मिळतं, पैसे कंपनी भरते, आणि सुयोगसाहेब वर बसून ऑफिसला मेसेज काय, हळू आवाजात कॉलसुद्धा करतात. कांजूरमार्गच्या घरी मात्र त्याने हे कधी कळू दिलं नव्हतं. चार तास कुणी ‘जेवलास का’ विचारत नाही, हे सुख त्याला सोडवत नव्हतं.

त्या दिवशी त्याने तीच थाप मुद्दाम वापरली, आणि तीही बापावर.

लवू परबांच्या घशात कॅन्सर निघाला होता. दुसऱ्या दिवशी मुलुंडला ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. स्वरयंत्र काढावं लागेल, माणूस राहील, आवाज राहणार नाही. आणि आवाज कुणाचा, तर गिरणीत मागांच्या खडखडाटातही पलीकडच्या खात्यात ऐकू जाणाऱ्या माणसाचा! गणपतीत चाळीतली झाडून सगळी मालवणी घरं त्यांनाच गाऱ्हाणं घालायला बोलवायची. नारळ ठेवून ते देवाकडे एकेकासाठी नाव घेऊन मागायचे आणि दर मागण्याला जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. आता घसा पार बसला होता, तरी हॉस्पिटलात जाण्याआधी घरच्या देवापुढे एक शेवटचं गाऱ्हाणं घालायचंच असा त्यांनी हट्ट धरला होता.

हे आपल्याला बघवणार नाही, हे सुयोगला कळून चुकलं होतं. नेमकं त्याच दिवशी कंपनीच्या कामाला दोह्याला जायचं होतं. त्याचे साहेब किरण म्हणाले होते, “अरे, तुझ्याऐवजी चैतन्य जाईल. तू थांब घरी.” हा म्हणाला, “नको सर, क्लायंट मला ओळखतो.” घरी येऊन सांगितलं, ऑफिसवाले ऐकतच नाहीत. आईने, वनमालाबाईंनी, ऑफिसला चार शिव्या घातल्या. बाबा तेवढं म्हणाले, “कामाक जा. मी खय पळान जातंय?” त्यांचं ते समजून घेणंच सुयोगला सगळ्यात जास्त लागलं.

विमान समुद्रावर आलं तसं त्याने वायफाय लावलं. मेसेज खुशाल करा, पण फोनवर बोलू नका, असं विमानातल्या मुलीने सांगितलं होतं. तरी किरणसाहेबांचा फोन आला तेव्हा याने कानात इअरफोन खुपसले, तोंडावर हात धरला आणि कोटेशनची सगळी बोलणी उरकली. शेजारचा माणूस बघत राहिला. सुयोगला त्याचं काही वाटलं नाही.

फोन ठेवतो न ठेवतो तोच धाकट्या बहिणीचा, मानसीचा कॉल आला. त्याने कापला. लगेच मेसेज आला.

‘तू ऑनलाइन दिसतोयस. उचल ना. बाबा बसलेत देवापुढे.’

वाट लागली, त्याच्या मनात आलं. त्याने घाईघाईने लिहिलं, ‘इथे बोलता येत नाही. नियम आहे.’

‘बोलू नकोस रे. नुसतं ऐक.’

ऐकायला कुठलाच नियम आड येत नव्हता. फोन पुन्हा थरथरू लागला आणि सुयोगने तो मांडीवर पालथा घातला. तो थरथरत राहिला, मग थांबला. तेवढ्यात जेवण आलं, ते त्याने निमूटपणे खाल्लं. एकेक घास गिळताना आपल्याला घसा आहे याचीच त्याला लाज वाटत होती.

बराच वेळ गेल्यावर त्याला राहवलं नाही. त्याने कॉल लावला.

“झालं गं?”

“कधीच. हॉस्पिटलात आलो आम्ही,” मानसी म्हणाली.

“रेकॉर्ड केलंस?”

“बाबा नको म्हणाले. देवाला सांगितलेलं मशीनमध्ये कशाला, म्हणे.” तिने पुढे सांगितलं. “चाळीतले विचारत होते, सुयोग कुठाय. बाबा म्हणाले, ‘तो वर आसा, थय फोन लागणा नाय. नायतर तो गप ऱ्हवलो नसतो.’ माझ्या हातातच फोन होता, दादा. तू ऑनलाइन दिसत होतास. मी काही बोलले नाही.”

त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तो काही बोलणार तेवढ्यात पलीकडे फोन कुणीतरी ओढून घेतला.

“सुयोग? पोचलंस?” बाबांचा आवाज फाटून गेला होता.

“नाही बाबा. विमानातच आहे अजून.”

“विमानातसून बोलतंस?” तो फाटका आवाज आनंदाने वर चढला. “लागता फोन?”

“हो.”

“मगे मगाशी लागाक नाय तो?”

त्यात संशयाचा लवलेश नव्हता. लहान मूल विचारतं तसं त्यांनी विचारलं होतं. खरं सांगून टाकायला हीच एक वेळ होती. उद्यापासून बाबा रागावले तरी त्यांना रागाने बोलता येणार नव्हतं.

“मगाशी नेटवर्क नव्हतं, बाबा,” सुयोग म्हणाला. “आत्ताच आलं.”

“आसांदे रे. तुझा नाव मी पयला घेतलंय.”

मग त्यांनी फोन कानापासून दूर नेला असावा. ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाला सांगत होते, “ओ, माझो झील विमानातसून बोलता! विमानातसून!” नर्स त्यांना दटावत होती, काका, बोलू नका, घशाला ताण नको. तरी ते पुढच्या खाटेकडे वळले आणि तिथल्या माणसालाही तेच सांगू लागले. मध्येच खोकल्याची मोठी उबळ आली. ती ओसरताच पुन्हा तेच सुरू झालं.

मानसीने फोन परत घेतला.

“ऐकतोयस ना?” ती म्हणाली. “उरलेला आवाज ते यावर खर्च करतायत.”

आणि तिने फोन ठेवला.